डेबियन संग्रहात पॅकेज अपलोड: पात्रता, लागणाऱ्या फाइली आणि स्क्रिप्टमधून स्वाक्षरीची तपासणी

कोण पाठवू शकतो?
डेबियन ही लिनक्सवर आधारित संगणक प्रणाली आहे आणि तिचे सॉफ्टवेअर पॅकेजांच्या रूपात संग्रहात असते. अपलोडचा अधिकार असलेला डेबियन डेव्हलपर (प्रकल्पाचा सदस्य) कोणतेही पॅकेज पाठवू शकतो. डेबियन मेंटेनरला (मर्यादित अधिकार असलेल्या सहभागीला) मात्र पॅकेजागणिक डेव्हलपरची नोंदवलेली परवानगी लागते आणि संग्रहात नसलेले नवे पॅकेज त्याला पाठवता येत नाही. मेंटेनर होण्यासाठी लागतात: सोशल कॉन्ट्रॅक्ट (डेबियनची मूळ वचने) मान्य असल्याचे स्वाक्षरीसह निवेदन, डेव्हलपरची शिफारस आणि डेव्हलपरने सही केलेली ओपनपीजीपी की (डिजिटल सहीची किल्ली). बाकीच्यांनी आपल्या वतीने अपलोड करणारा प्रायोजक डेव्हलपर गाठावा.

कोणत्या फाइली?
सोर्स टारबॉल (सोर्स कोडचा गठ्ठा), डीएससी (सोर्स पॅकेजचे वर्णन), बिल्डइन्फो (पॅकेज कोणत्या वातावरणात बांधले त्याची नोंद) आणि चेंजेस (अपलोडमधल्या फाइलींची यादी). टारबॉलवर सही नसते. त्याचा आकार आणि शा-२५६ बेरीज (चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा) चेंजेस फाइलमध्ये असते, म्हणून चेंजेसवरची सही सगळ्यांचा भार पेलते. डेबसाइन हे सही करणारे साधन आधी डीएससीवर सही करते, मग बेरजा सुधारून शेवटी चेंजेसवर. हाताने डीएससीवर नंतर सही केलीत, तर फाइल बदलते, बेरीज जुळत नाही आणि अपलोड नाकारले जाते.

तपासणी
हीच पद्धत स्वतःच्या रेपॉझिटरीला (पॅकेजांच्या संग्रहाला) लावताना बहुतेक स्क्रिप्ट इथेच फसतात. सह्या तपासणाऱ्या जीपीजी प्रोग्रॅमने ‘गुड सिग्नेचर’ म्हटले, एवढ्यावर फाइल आत घेऊ नका. त्याचा अर्थ फक्त इतकाच, की कीरिंगमधल्या (कींच्या जुडग्यातल्या) कोणत्या तरी कीची ती सही आहे. त्या कीला हे पॅकेज पाठवायचा अधिकार आहे का, हे स्क्रिप्टनेच पाहायचे.

परवानगी असलेल्या कींची वेगळी कीरिंग ठेवा आणि जीपीजीव्हीला (जीपीजीच्या फक्त सही तपासणाऱ्या आवृत्तीला) फक्त तीच द्या. माणसासाठी छापलेल्या मजकुरात ग्रेपने शब्द शोधू नका. स्टेटस-एफडीवरची (प्रोग्रॅमसाठी असलेल्या वेगळ्या आउटपुटवरची) व्हॅलिडसिग ओळ वाचा आणि तिच्या शेवटी असलेला प्राथमिक कीचा पूर्ण ४० अंकी (हेक्साडेसिमल) फिंगरप्रिंट, म्हणजे कीची ओळख, पॅकेजच्या परवानगी यादीशी जुळवा. आखूड की-आयडी (फिंगरप्रिंटचा तुकडा) नकोच, तसा दुसरा बनवता येतो. शिवाय जीपीजीव्ही कीची मुदत संपली वा ती रद्द झाली हे पाहत नाही; अशी की कीरिंगमधून तुम्हालाच काढावी लागते.

चेंजेस फाइलमध्ये सहीच्या चौकटीबाहेरही मजकूर घुसवता येतो. म्हणून मूळ फाइल पुन्हा वाचू नका, पडताळणीतून बाहेर पडलेला मजकूरच वापरा. त्यातल्या नावांत तिरकी रेघ (/) आढळली तर अपलोड नाकारा, नाहीतर फाइल भलत्याच डिरेक्टरीत लिहिली जाईल. मग प्रत्येक फाइलचा आकार आणि बेरीज ताडा. जुनी, खरी सही असलेली चेंजेस फाइल कुणी पुन्हा पाठवू शकतो. स्वीकारलेल्या सह्यांची नोंद ठेवली तर ते पकडता येते.