दोन्हींवर ३० लिहिलेले असते: फ्यूज आणि रिले

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाडीला जादा दिवे बसवून घेताना "साहेब, रिले टाकलाय, आता फ्यूज कशाला?" हे वाक्य मी निदान दोन दुकानांत ऐकले आहे. बोलणारा कारागीर अनाडी नव्हता. थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) त्याने व्यवस्थित दाबले होते आणि अर्थची वायर रंग खरवडून बॉडीला आवळली होती. मात्र फ्यूजचे काम तो रिलेच्या गळ्यात घालत होता. बॉनेटखालच्या एकाच काळ्या डब्यात दोन्ही वस्तू शेजारीशेजारी खोचलेल्या असतात, त्यामुळे हा घोळ होतो.

५५ वॅटच्या दोन हॅलोजन दिव्यांना १२ व्होल्टवर मिळून ९ अँपिअरपेक्षा थोडा अधिक प्रवाह लागतो. डॅशबोर्डवरच्या लहानशा बटणातून एवढा प्रवाह रोज नेला, तर आतले संपर्कबिंदू काळे पडतात आणि बटणाचे प्लास्टिक मऊ होते. शिवाय बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंत आणि तिथून पुन्हा बंपरपर्यंतच्या बारीक वायरीत विद्युतदाब घटून दिवे पिवळट पेटतात, ते वेगळेच. रिले हा भार बटणावरून काढून घेतो. बटण फक्त रिलेच्या ८५ आणि ८६ या टोकांमधल्या कॉइलला जेमतेम दोन दशांश अँपिअरच्या आसपास प्रवाह पुरवते, कॉइलचे चुंबक होते, 'टक्' असा आवाज करून आतली पट्टी ओढली जाते, आणि बॅटरीचा जाड प्रवाह ३० क्रमांकाच्या टोकातून ८७ मार्गे थेट दिव्यांकडे जातो. मात्र किती प्रवाह जात आहे, हे रिले पाहत नाही. ती त्याची नोकरीच नव्हे.

ती नोकरी फ्यूजची. तोही दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. बॅटरीपासून रिलेपर्यंतची लाल वायर किल्ली काढल्यावरही जिवंत असते. तिचे आवरण पत्र्याच्या कडेला घासून तांबे बॉडीला टेकले, की बॅटरी शेकडो अँपिअर ओतू लागते, आणि हा सगळा प्रकार रिलेच्या अलीकडे घडत असल्यामुळे रिले चालू आहे की बंद, याला काही अर्थच उरत नाही. रिलेच्या पलीकडे शॉर्ट झाला, तर त्याचे संपर्कबिंदू वितळून एकमेकांना चिकटू शकतात. मग बटण बंद करूनही दिव्यांची वायर तापतच राहते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत हवा. दिव्याजवळ बसवलेला फ्यूज मधल्या सगळ्या लांबीला उघडे सोडतो.

खरा फसवा आहे तो ३० हा आकडा. रिलेच्या अंगावर छापलेले ३० अँपिअर म्हणजे एवढा प्रवाह तो वाहून नेऊ शकतो. फ्यूजवरचे ३० म्हणजे साधारण त्यापुढे तो जाऊ देणार नाही. (त्यात रिलेच्या एका टोकाचे नावही ३०.) रिले ३० चा म्हणून हिरवा ३० चा फ्यूज लावणे ही बाजारातली सर्रास चूक आहे. वरच्या दिव्यांना २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि निळा १५ चा फ्यूज पुरतो. थोड्या जादा प्रवाहाने फ्यूजही लगेच उडत नाही: क्षमतेपेक्षा १० टक्के अधिक प्रवाह तो तासन्‌तास सोसतो, आणि ३५ टक्के अधिक असला तर उडायला १० मिनिटेही लावू शकतो. तेवढा वेळ वायरीला तग धरता आला पाहिजे.

एका जुलैत कसारा घाटात माझा फ्यूज लागोपाठ तीनदा उडाला. घाटाखालच्या एका गॅरेजात मला आधी सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी गुंडाळण्याचा आणि मग ३० चा फ्यूज घालण्याचा सल्ला मिळाला. बंपर काढल्यावर कारण दिसले: आवरण सोलवटलेल्या जागी तांब्यावर हिरवा थर चढला होता आणि ओला चिखल तिथून थेट ब्रॅकेटपर्यंत साचला होता.

२० वॅटच्या एलईडी दिव्यांची जोडी सव्वातीन अँपिअरच्या आसपास घेते. बटण तेवढ्या क्षमतेचे असेल, तर तिथे रिले वगळला तरी मी हरकत घेणार नाही. फ्यूजला अशी सवलत नाही.

काम झाल्यावर दुकानातच एक गोष्ट करून पाहावी. दिवे लावून रिले उपसून काढावा: दिवे विझतील, पण टेस्टलॅम्प (एक वायर बॉडीला लावलेला तपासणीचा छोटा दिवा) रिलेच्या सॉकेटमधल्या ३० क्रमांकाच्या टोकाला लावला तर तो लखलखीत पेटेल. आता बॅटरीजवळचा फ्यूज काढावा. टेस्टलॅम्प तरीही पेटत असेल, तर ती वायर फ्यूजला वळसा घालून आलेली आहे, आणि पैसे देण्याआधी ती सोडवून घ्यावी.