ट्रे हलवला म्हणून मांजर सूड उगवत नाही

लिटरचा ट्रे (मांजरीच्या शी-शूसाठी वाळू भरून ठेवलेला) बाथरूममधून गॅलरीत नेला आणि मांजरीने जुन्याच कोपऱ्यात शू केली, की घरात निकाल ठरलेला: "मुद्दाम करतेय, राग काढतेय." मग तिचं नाक तिथे घासायचं, वर ओरडायचं. हा समज जुना आहे आणि साफ चुकीचा. मांजर शी-शूची जागा वासाने आणि सवयीने ओळखते. ट्रे गेला तरी कोपरा तोच, वासही तोच. नाक घासल्याने ती एवढंच शिकते की तुमच्यासमोर करायचं नाही. पुढच्या वेळी सोफ्यामागे.

ट्रे नव्या जागेकडे रोज फूटभर सरकवा. मध्ये जिना किंवा दार येत असेल तर नव्या जागी दुसरा ट्रे ठेवा, त्यात वापरलेली थोडी वाळू टाका आणि मांजर तिकडे रुळेपर्यंत जुना उचलू नका. जेवणाच्या वाटीशेजारी किंवा धडधडणाऱ्या वॉशिंग मशीनजवळ मात्र नको. जुना कोपरा लघवीचा वास मोडणाऱ्या एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा. फिनाईल (आपल्याकडे हात आधी त्याच बाटलीकडे जातो) अजिबात नको. त्यातले फिनॉल मांजरांना विषारी असतात आणि पंजे चाटताना पोटात जातात.

ट्रेमध्ये सारखं बसून, जोर करूनही लघवी होत नसेल, विशेषतः बोक्याला, तर तो जागेचा प्रश्न नाही. लगेच पशुवैद्य गाठा.