वळणावर तेल जातं कुठे?

पुतण्या अमेरिकेत ऑस्टिनला असतो. दोन वर्षांपूर्वी त्यानं व्ही-८ इंजिनाची एक सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली आणि तेव्हापासून महिन्यातला एखादा रविवार तो ‘सर्किट ऑफ द अमेरिकाज’वर घालवतो. फॉर्म्युला वनची शर्यत जिथे होते त्याच साडेपाच किलोमीटरच्या ट्रॅकवर ठरावीक दिवशी पैसे भरून स्वतःची गाडी पळवता येते. परवा त्याचा फोन आला. “काका, सुपरचार्जर बसवू का? दीडशे हॉर्सपॉवर वाढतील म्हणतात.”

मी विचारलं, “सोळा-सतरा-अठरा नंबरच्या त्या लांब उजव्या वळणात तुझं ऑइल प्रेशर किती राहतं?”

“तिथे मीटरकडे बघायला वेळ कुणाला असतो, काका!”

गाडी ट्रॅकसाठी तयार करायची म्हणजे इंजिनाची ताकद वाढवायची, हा समज फार खोलवर रुजलेला आहे. टर्बो, सुपरचार्जर, नवा कॅमशाफ्ट, कॉम्प्युटरचं रिमॅपिंग, गप्पा सुरू होतात त्या इथूनच. ट्रॅकवर जाम झालेली इंजिनं उघडून पाहिली की मात्र बऱ्याचदा वेगळीच गोष्ट दिसते, आणि ती मला सुपरचार्जरपेक्षा कितीतरी जास्त सुंदर वाटते.

माझ्या टेबलावर एका बेरिंगचा अर्धा भाग ठेवलेला आहे. मेकॅनिक त्याला शेल म्हणतात. बांगडी मधोमध कापली तर जसा तुकडा मिळेल तसा आकार, रुंदी दीड बोटाची. नव्या शेलची आतली बाजू राखाडी, एकसारखी मऊ दिसते. या शेलच्या मधल्या पट्ट्यात तो मऊ धातूचा थर निघून गेला आहे आणि खालचं तांबं उघडं पडलं आहे. एका कडेला निळसर काळा डाग आहे, जळल्याचा. वीस वर्षांपूर्वी चिंचवडच्या एका वर्कशॉपमध्ये मी हे इंजिन खोललं होतं. ट्रॅकवरून खटखट करत आलेलं. मालक पुन्हा पुन्हा सांगत होता, “तेल पूर्ण होतं हो!” डिपस्टिक काढून पाहिली. खरंच, तेल वरच्या खुणेला होतं. आणि बेरिंग गेलं होतं ते तेलावाचून.

इंजिनाचं तेल साठतं तळाशी, चेंबरमध्ये. तिथे एक नळी बुडलेली असते. तिच्यातून पंप तेल ओढतो, फिल्टरमधून ढकलतो, ते क्रँकच्या (पिस्टनांच्या वर-खाली होण्यानं गोल फिरणाऱ्या दांड्याच्या) बेरिंगांपर्यंत जातं आणि ओघळून परत चेंबरमध्ये येतं. ही व्यवस्था एका गृहीतकावर उभी आहे : तेल खाली असतं.

पण ‘खाली’ म्हणजे कुठे? घाटात एसटी वळण घेते तेव्हा बाटलीतलं पाणी तिरपं होतं. ताशी ३० किलोमीटर वेगानं २५ मीटर त्रिज्येचं वळण घेतलं तर बाजूचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ०.२८ पट येतं (वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, शाळेतलंच सूत्र) आणि पाण्याचा पृष्ठभाग १६ अंशांनी कलतो. आता ट्रॅकवरचा आकडा घ्या. वेग ताशी १५० किलोमीटर, वळणाची त्रिज्या १५० मीटर. बाजूचं त्वरण येतं १.१८ पट, आणि कल जवळजवळ ५० अंश! चांगल्या टायरांच्या गाडीला हे सहज झेपतं. अशा वळणाचं अर्धवर्तुळ पार करायला सव्वाअकरा सेकंद लागतात. तेवढा वेळ इंजिनाच्या दृष्टीनं ‘खाली’ ही दिशाच बदललेली असते.

४५ अंशांचा सोपा हिशेब करू. चेंबर ३० सेंटिमीटर रुंद आहे असं धरा. इंजिन जोरात फिरत असताना बरंचसं तेल वर इंजिनाच्या माथ्यात आणि भिंतींवर अडकलेलं असतं, त्यामुळे चेंबरमध्ये उरलं ४ सेंटिमीटर खोल. कल आला की या तेलाचा त्रिकोण होतो आणि तो बाहेरच्या भिंतीला जाऊन चिकटतो. क्षेत्रफळ तेच राहायला हवं, म्हणून त्रिकोणाची बाजू येते साडेपंधरा सेंटिमीटर. म्हणजे भिंतीपाशी तेल साडेपंधरा सेंटिमीटर वर चढलं, फिरत्या क्रँकमध्ये घुसून त्याचा फेस व्हायला लागला. आणि मधोमध, नळीच्या तोंडापाशी, उरलं जेमतेम अर्धा सेंटिमीटर. त्यात ब्रेक लावलेला असेल तर तेल पुढेही सरकतं. नळी हवा ओढते. डिपस्टिक सपाट जमिनीवर खरं बोलत असते, पण ती वळणाबद्दल काहीच सांगू शकत नाही.

तेल दोन सेकंद आलं नाही तर एवढं काय बिघडतं? इथे मला जरा रेंगाळू द्या.

१८८३ साली बीचम टॉवर नावाचा इंग्रज अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेरिंगांवर प्रयोग करत होता. आस फिरतो आहे, त्याच्यावर अर्धगोल बेरिंग दाबून बसवलेलं आहे, खाली तेलाचं भांडं. वरून तेल घालता यावं म्हणून टॉवरनं बेरिंगच्या माथ्याला भोक पाडलं. यंत्र सुरू केल्यावर तेल आत जायचं सोडून त्या भोकातून वर यायला लागलं. त्यानं बुच लावलं, ते बाहेर ढकललं गेलं. लाकडाची खुंटी ठोकली, तीही निघाली. मग त्यानं तिथे दाबमापक बसवला. बेरिंगवरचा सरासरी भार होता चौरस इंचाला १०० पौंड, आणि दाबमापकाचा काटा २०० च्या पुढे जाऊन अडकला. आपण टायरमध्ये ३२-३३ पौंड हवा भरतो, त्याच्या सहापट. तिथे कुठलाही पंप नव्हता. हा दाब तेलात आला कुठून?

ऑसबर्न रेनॉल्ड्सनं १८८६ साली याचं गणित मांडलं. आस बेरिंगच्या बरोबर मध्यभागी फिरत नाही, भारामुळे किंचित एका बाजूला सरकलेला असतो. त्यामुळे दोघांमधली फट एका बाजूला रुंद आणि पुढे निमुळती होत जाते, पाचरीसारखी. फिरणारा आस तेलाला स्वतःबरोबर ओढतो आणि या निमुळत्या फटीत कोंबतो. चिकट तेलाला पटकन निसटता येत नाही, म्हणून दाब वाढतो आणि तो अख्खा आस उचलून धरतो. धातूला धातू लागतच नाही! पावसाळ्यात एक्स्प्रेसवेवर साचलेल्या पाण्यावरून गाडी वेगात गेली की टायर पाण्यावर तरंगतात आणि स्टिअरिंग हलकं पडतं, तोच हा प्रकार. रस्त्यावर तो जीव घेतो, बेरिंगमध्ये तोच इंजिन जगवतो.

आकडे बघा. शेव्हरोले कॉर्व्हेट झेड-०६ मधलं एलएस-७ हे इंजिन मी उदाहरणाला घेतो, कारण ते कारखान्यातूनच ट्रॅकचा विचार करून आलं. ७ लिटर, ५०५ हॉर्सपॉवर, मिनिटाला कमाल ७००० फेरे. पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे वरून खाली जाण्याचं अंतर, १०१.६ मिलिमीटर. पिस्टन वरच्या टोकाला पोचून उलटा फिरतो त्या क्षणी त्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३७०० पट असतं. पिस्टन आणि त्याची पिन मिळून अर्धा किलो धरली तर पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडला पावणेदोन टनांहून जास्त हिसका बसतो, दर सेकंदाला शंभराहून जास्त वेळा. हा भार रॉडच्या खालच्या टोकाचं बेरिंग झेलतं, ज्याचं क्षेत्रफळ दहा चौरस सेंटिमीटरांच्या आसपास. म्हणजे सरासरी दाब सुमारे १८० बार (एक बार म्हणजे साधारण हवेचा नेहमीचा दाब). आणि तेलाचा पंप देतो किती? चार ते पाच बार. पंप आसाला उचलत नाही, तो फक्त पाचरीला तेल पुरवतो. उचलण्याचं काम पाचर करते. फट असते आसाच्या व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाइतकी, म्हणजे ०.०५ मिलिमीटर, आणि भाराखाली सर्वांत अरुंद ठिकाणी तर केवळ एखाद-दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्या फटीत क्रँकचा पृष्ठभाग ताशी ७० किलोमीटर वेगानं सरकत असतो.

या थराची जाडी तीन गोष्टींच्या हातात असते. तेलाची चिकटी गुणिले वेग, भागिले दाब. या संख्येसमोर घर्षण मांडलं की जो वक्र मिळतो त्याला स्ट्रायबेक वक्र म्हणतात. उजवीकडे पृष्ठभाग पूर्ण तरंगलेले. डावीकडे सरकत गेलं की घर्षण आधी थोडं कमी होतं, मग एका तळातून एकदम वर उसळतं, कारण तिथे धातूंचे उंचवटे एकमेकांना भिडायला लागतात. ट्रॅकवर तेल तापतं आणि चिकटी घसरते, म्हणून आपण डावीकडे सरकतो. यासाठीच तेलाच्या डब्यावरच्या ३०, ४० या आकड्यांमागे आणखी एक कसोटी असते : १५० अंश सेल्सिअसला, जोरात घासलं जात असताना उरणारी चिकटी. ५डब्ल्यू-३० प्रतीच्या तेलासाठी ती किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद (हे चिकटीचं एकक) असावी लागते, ५डब्ल्यू-४० साठी ३.५. ट्रॅकवर जाणारे लोक जरा जाड तेल का घालतात याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आता त्या नळीनं हवा ओढली असं समजा. पाचरीत तेलाऐवजी फेस आला. हवा दाबली जाते, तिच्यानं भार पेलवत नाही. सव्वाअकरा सेकंदांच्या वळणात क्रँकचे तेराशे फेरे होतात, त्यातले शेवटचे दोनशेही कोरडे गेले तरी पुरे. मऊ थर पुसला जातो, उष्णता वाढते, तांबं उघडं पडतं. माझ्या टेबलावरचा शेल असाच गेला. सुपरचार्जर लावून ताकद वाढवली असती तर त्या गाडीनं सरळ रस्त्यावर आणखी वेग घेतला असता आणि त्याच वळणात तेच बेरिंग आधी गमावलं असतं. इंजिनाचे फेरे वाढवण्याचंही तसंच. हिसका फेऱ्यांच्या वर्गानं वाढतो, ७००० चे ७७०० केले की २१ टक्के जास्त. एलएस-७ मध्ये टायटॅनियमचे हलके रॉड घातले ते याच हिशेबानं.

उपाय काय? याच कुळातलं एलएस-३ इंजिन साध्या कॉर्व्हेटमध्ये नेहमीच्या चेंबरसह येत असे. एलएस-७ ला मात्र २००६ पासून ड्राय संप दिला गेला. यात तेल इंजिनाखाली साठतच नाही. तळ उथळ असतो, तिथलं तेल वेगळा पंप हवेसकट ओढून एका उंच, अरुंद टाकीत नेऊन टाकतो. टाकीत ते कडेनं गोल फिरवलं जातं. जड तेल भिंतीकडे, हलकी हवा मध्ये, आणि हवा वर निघून जाते. मग तळातून शुद्ध तेल बेरिंगांना. टाकीचा आकार बघा : व्यास १५ सेंटिमीटर, तेलाची उंची ३०. पृष्ठभाग ४५ अंश कलला तरी एका बाजूला तेल साडेसात सेंटिमीटर उतरतं, उरतं साडेबावीस. तळाशी असलेल्या तोंडावर तेल कायम उभं. तेवढंच तेल, फक्त भांडं अरुंद केलं! जर्मनीत पोर्शनं १९६० च्या दशकात पहिल्या ९११ पासूनच ही रचना वापरली होती.

ड्राय संप नंतर बसवणं खर्चिक असतं. स्वस्तातला मार्ग म्हणजे चेंबरमध्ये पत्र्याचे कप्पे आणि एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा, म्हणजे नळीजवळ आलेलं तेल पळून जात नाही. दुसरा मार्ग दाबाच्या साठवण टाकीचा. बंगल्यांतल्या प्रेशर पंपाला जशी हवेची टाकी असते तशीच. दाब पडला की ती दीड-दोन लिटर तेल आत सोडते आणि वळणाचे वाईट सेकंद निभावते.

कुलिंगबद्दल थोडक्यात. इंजिन जेवढी ताकद चाकांकडे पाठवतं साधारण तेवढीच उष्णता पाण्याला आणि तेलाला देतं. ५०० हॉर्सपॉवर म्हणजे ३७३ किलोवॉट, घरातले ३ किलोवॉटचे सव्वाशे गीझर. रस्त्यावर असा भार काही सेकंद असतो, ट्रॅकवर वीस मिनिटं. ऑइल कूलर आणि मोठा रेडिएटर त्यासाठी.

बाटलीतली जादूची औषधं मात्र विकत घेऊ नका. पेट्रोलच्या नळीला लावायची चुंबकं, तेलात ओतायचे ‘धातूवर कायमचा थर’ देणारे द्रव, असं बरंच काही विकलं जातं. पेट्रोलला चुंबक ओढत नाही आणि नळीच हवा ओढत असेल तर कुठलाही द्रव बेरिंगपर्यंत पोचणार नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून जास्त साधनं तपासली आणि त्यांतल्या फारच थोड्यांचा काही उपयोग दिसला. गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्याला निदान खर्च कमी येतो.

पुतण्यानं गेल्या रविवारी ऑइल प्रेशरचा सेन्सर लावून नोंद घेतली आणि मला आलेख पाठवला. एक रेघ बाजूच्या त्वरणाची, एक दाबाची. सरळ रस्त्यावर दाब ४.६ बार. त्या लांब उजव्या वळणात त्वरणाची रेघ वर जाते, आणि शेवटाकडे दाबाची रेघ खड्ड्यात पडावी तशी १.८ वर येते, दीड सेकंदासाठी. चौदा लॅप, चौदा खड्डे, सगळे एकाच जागी. त्यानं विचारलं, चेंबर खोलायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, चेंबर नंतर. आधी तेलाचा फिल्टर काढ, कापून त्याचा कागद उलगड आणि उन्हात धरून बघ, घड्यांमध्ये कुठे तांबूस चमक दिसते का.