औषध कचऱ्यात, आयडिया पेटीत

पेशंटला डिस्चार्ज मिळालाय. उशाशी इन्हेलर पडलाय, परवाच उघडलेला, दोनचारदा ओढला असेल, शेजारी डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली, तीही जवळपास भरलेली. हे सगळं कचऱ्यात जाणार आणि त्याच पेशंटला तेच औषध नवं, सीलबंद मिळणार, कारण वॉर्डातलं औषध वेगळं आणि घरी न्यायचं वेगळं. अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलात हे असंच चालायचं. कोलोरॅडोतल्या ग्रँड जंक्शनच्या हॉस्पिटलातल्या एका कर्मचारी बाईंनी २००९ मध्ये लिहून कळवलं की अहो, फेकताय कशाला, त्यांनाच घरी नेऊ द्या ना. बास, एवढीच आयडिया. आणि तिला देशात पहिला नंबर मिळाला.

स्पर्धेचं नाव सेव्ह अवॉर्ड. ओबामांनी त्या वर्षी सरकारी कर्मचाऱ्यांना विचारलं की तुमच्या खात्यात पैसा कुठे वाया जातो ते सांगा, तर तीनेक आठवड्यांत ३८ हजारांच्या वर सूचना आल्या. बक्षीस काय, तर राष्ट्राध्यक्षांची भेट आणि सूचना बजेटमध्ये घेतली जाणार. रोख काही नाही.

पुढच्या वर्षांचे विजेते बघा. २०१० ला तुरुंग खात्यातल्या एका बाईंनी सांगितलं की सरकारचं रोजचं राजपत्र हजारो कर्मचाऱ्यांना छापून पोस्टाने येतं, तेच ऑनलाइन फुकट वाचता येतं, मग छापता कशाला. २०११ ला नासाच्या एका कर्मचाऱ्याने म्हटलं की एका प्रोजेक्टला घेतलेली महागडी अवजारं नंतर पडून राहतात आणि शेजारचा प्रोजेक्ट तीच परत विकत घेतो, तर लायब्ररीसारखी उसनी देऊया. २०१२ ची तर मला फारच आवडली: ऑफिसला यायचा मेट्रोचा खर्च सरकार देतं, आणि जे कर्मचारी वयाने ज्येष्ठ आहेत त्यांचंही फुल तिकीट भरत होतं. आपल्याकडे एसटीत ज्येष्ठांना अर्धं तिकीट असतं हे शेंबडं पोरगंही सांगेल, वॉशिंग्टनच्या मेट्रोतही तसंच आहे, फक्त हिशेब ठेवणाऱ्या साहेबाच्या ते कधी डोक्यातच आलं नाही.

येणार तरी कसं? साहेबाच्या टेबलावर येते ती बेरीज, औषधांवर इतका खर्च, प्रवासावर इतका. कचऱ्यात पडलेला इन्हेलर त्या आकड्यात दिसत नाही. फ्रीडरिश हायेक या अर्थतज्ज्ञाने १९४५ मध्ये हेच मांडलं होतं, की कामाच्या जागेवरची बारीकसारीक माहिती हजार लोकांच्या डोक्यात विखुरलेली असते आणि ती आकडेवारी होऊन वर जात नाही. तो अख्ख्या देशाच्या नियोजनाबद्दल बोलत होता, पण एका ऑफिसालाही ते चपखल बसतं.

मग ऑफिसात सूचनापेटी लावली की झालं का? मी पूर्वी जिथे होतो तिथे एकदा तोंड उघडलं होतं, की एकच फॉर्म तीन रजिस्टरात उतरवतो त्यातली दोन बंद करूया. साहेब खूश, म्हणाले मस्त आहे, आता तुम्हीच बघा ते. झालं, माझं रोजचं काम तसंच राहिलं आणि वर तीन महिने रजिस्टरं जुळवत बसलो. त्यानंतर मी सूचना नावाच्या गोष्टीच्या वाटेला गेलो नाही, आणि मला बघून शेजारचे दोघंही गेले नाहीत.

पण खरी गोम बजेटच्या नियमात आहे. वर्षाअखेर उरलेला पैसा परत जातो, आणि पैसा उरला म्हणजे गरज नव्हती असं धरून पुढच्या वर्षी कात्री लागायची भीती. म्हणजे काटकसर करणाऱ्यालाच दंड! आपल्याकडचा मार्च एंड ज्याने पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. अमेरिकेत वर्ष ३० सप्टेंबरला संपतं. हार्वर्डचे जेफ्री लीबमन आणि त्यांचे सहकारी नील महोनी यांनी तिथल्या सरकारी खरेदीचा डेटा तपासला, तर शेवटच्या आठवड्यातला खर्च बाकीच्या वर्षातल्या सरासरी आठवड्याच्या ४.९ पट निघाला. शिवाय त्या घाईत दिलेल्या आयटी प्रोजेक्टची गुणवत्ताही बाकीच्यांपेक्षा बरीच खराब होती. गंमत म्हणजे हेच लीबमन २००९-१० मध्ये व्हाइट हाउसच्या बजेट ऑफिसात होते, म्हणजे सेव्ह अवॉर्ड चालवणाऱ्याच ऑफिसात.

त्यांच्या अभ्यासात एक खातं मात्र वेगळं निघालं, न्याय खातं. त्याला न वापरलेल्या पैशातला काही भाग पुढच्या वर्षी आयटीसाठी वापरायची खास परवानगी आहे, आणि तिथे वर्षाअखेरच्या आयटी प्रोजेक्टची गुणवत्ता घसरलेली दिसली नाही. माणसं तीच, देश तोच, खरेदीचे नियमही बरेचसे तेच. फरक एवढाच की वाचवलेला पैसा ज्याने वाचवला त्याच्याच घरात राहत होता.