मेंदूत थेट औषध पोहोचवणारी उपकरणे

तोंडाने किंवा शिरेतून दिलेले औषध मेंदूत पुरेसे शिरत नसेल, तर ते कवटीच्या आत नेऊन सोडणारी साधने. वाट अडवतो तो रक्त-मेंदू अडथळा. मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात, की बहुतेक औषधांच्या रेणूंना मधून सरकता येत नाही. पाउल एर्लिख यांनी १८८५ मध्ये प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा इतर अवयव रंगले, मेंदू जवळपास कोराच राहिला. एडविन गोल्डमान यांनी १९१३ मध्ये रंग थेट मस्तिष्क-मेरुद्रवात, म्हणजे मेंदू आणि मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात, सोडला आणि मेंदू रंगला. म्हणजे वाट होती, फक्त दार वेगळे होते.

त्या दाराला पहिली टिकाऊ कडी बसवली ती मेंदूशल्यविशारद अयुब ओम्माया यांनी, १९६३ मध्ये. ओम्माया कुपी ही सिलिकॉनची छोटी घुमटी. ती डोक्याच्या त्वचेखाली बसते आणि तिची नळी मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळीत उतरते. औषध देताना त्वचा निर्जंतुक करून घुमटीत बारीक सुई टोचतात, आधी थोडा द्रव काढतात आणि मग साधारण तेवढेच औषध हळूहळू सोडतात. मेंदूच्या आवरणांत पसरलेल्या कर्करोगावर मेथोट्रेक्सेट हे औषध असेच देतात. जंतुसंसर्ग ही कुपीची कायमची डोकेदुखी. शिवाय पोकळीतले औषध मेंदूच्या गाभ्यात फार खोल झिरपत नाही.

गाठ काढल्यावर उरलेल्या खळग्यात कार्मुस्टिन या कर्करोगावरील औषधाच्या विरघळणाऱ्या चकत्या ठेवण्याची पद्धत अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झाली. कमाल आठ चकत्या ठेवतात. पण औषध झिरपते ते काही मिलिमीटरच.

त्याआधीच, १९९४ मध्ये, अमेरिकी संशोधकांनी औषध झिरपू देण्याऐवजी हलक्या दाबाने ढकलण्याची युक्ती मांडली. बारीक नळीतून मिनिटाला काही मायक्रोलिटर द्रव मेंदूच्या ऊतीत सोडत राहिले, की तो पेशींमधल्या फटींतून दूरवर सरकतो. युक्ती कागदावर सोपी वाटते. प्रत्यक्षात दाब जरा वाढला की औषध पुढे न जाता नळीच्याच कडेने उलटे वर येते. त्यावर उपाय म्हणून टोकाकडे पायरीसारखी निमुळती होणारी नळी आली. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या घातक गाठीवरील एका मोठ्या चाचणीत या पद्धतीने दिलेल्या औषधाने चकत्यांपेक्षा आयुष्य वाढले नाही. नंतर तपासले तर जागेचे सर्व निकष पाळणाऱ्या नळ्या जेमतेम निम्म्या निघाल्या. दोष औषधाचा की नळीचा, हे अशा वेळी सांगणे अवघड.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने एएडीसी या विकराच्या जन्मजात कमतरतेवरील जनुकोपचार मंजूर केला. त्यात मेंदूच्या पुटामेन या भागात चार ठिकाणी प्रत्येकी ०.०८ मिलिलिटर द्रव सोडतात, मिनिटाला ०.००३ मिलिलिटर या गतीने; एका जागेला सुमारे २७ मिनिटे लागतात. ज्या नळीतून तो द्यायचा, तिलाही या कामासाठी त्याच वेळी वेगळी परवानगी मिळाली.