राक्षस (अद्भुत लघुकथेतील)

अद्भुत लघुकथेत माणसांच्या जगाबाहेरून येणारे, भीती घालणारे पात्र. मग तो दैत्य असो, वेताळ असो की मुंजा. त्याच्या वागण्याला पाप म्हणावे की न्याय, हे कथा वाचकावर सोडून देते तेव्हा तिच्यात नैतिक संदिग्धता आहे असे म्हणतात. लघुकथेला हे विशेष मानवते. राक्षसाची कुळकथा सांगायला तिच्याकडे जागा नसते. एक मागणी किंवा एक करार, एवढ्यावर त्याला उभे करावे लागते.

बेळगाव सीमाभागातल्या मराठी माणसाला ही कल्पना नवी वाटू नये. मराठीतला ‘देव’ आणि कन्नडमधला ‘देव्व’, म्हणजे भूत, हे दोन शब्द इथल्या पोराच्या कानावर एकाच गल्लीत पडतात. शहराला पाणी पुरवणाऱ्या, मार्कंडेय नदीवरच्या जलाशयाचे नाव राकसकोप. त्यात कन्नड ‘रक्कस’ सरळ ऐकू येतो.

सर्वांत भरीव उदाहरण मणी-मल्लाचे. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मिरजेच्या बाजूला असलेले मंगसुळी हे खंडोबाचे मोठे ठाणे. ‘येळकोट’ या गजरातला ‘येळ’ म्हणजे कन्नड ‘एळु’, सात, अशी त्याची फोड सांगतात. मल्हारी माहात्म्याप्रमाणे हे दोन दैत्य भाऊ वराच्या जोरावर ऋषींना छळतात आणि शंकर मार्तंडभैरव होऊन त्यांच्यावर चालून जातो. मणी पडताना शरण येतो, आपला पांढरा घोडा देवाला देतो आणि देवळात आपल्यालाही जागा मागतो. ती मिळते. तो सुधारला, की हरल्यावर शहाण्यासारखा सौदा करून मोकळा झाला, हे कथा सांगत नाही.

मल्लाचे काय झाले, यावर तर सांगणाऱ्यांचे एकमतच नाही. एका रूपात तो शेवटच्या श्वासालाही माणसाचे मांस मागतो आणि त्याचे शिर पायरीशी, भक्तांच्या पायाखाली जाते. दुसऱ्यात तो म्हणतो, तुझ्या नावाआधी माझे नाव येऊ दे. म्हणून मल्हारी, मल्लाचा अरी. हे रूप धरले तर भंडारा उधळत ‘मल्हारी’ अशी हाक घालणारा प्रत्येक जण दैत्याचे नाव आधी घेतो. मला हेच रूप जास्त पटते. मेलेल्याने मारणाऱ्याच्या नावातच बिऱ्हाड केले.

जुन्या संस्कृत कथांतही हे आहे. महाभारतातला बकासुर एकचक्रा नगरीकडून गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस घेतो, पण बदल्यात परचक्रापासून तिचे रक्षणही करतो. तिथल्या राजाला तेवढे जमत नव्हते. वेताळपंचविशीत प्रेतात शिरलेला वेताळ राजाच्या खांद्यावरून न्यायनिवाड्याची कोडी घालतो. शेवटच्या कोड्याला राजा गप्प राहतो, तेव्हा वेताळच त्याला सावध करतो: ज्या जोग्यासाठी तू मला वाहून नेतो आहेस, तो तुझाच बळी देणार आहे.

याच जिल्ह्यात एकसंबा येथे १९२३ साली जन्मलेले जी. ए. कुलकर्णी यांनी आपल्या रूपककथांत ही संदिग्धता बहुधा राक्षसाशिवायच साधली. ‘रमलखुणा’ (१९७५) या संग्रहातल्या कथा लांबीने लघुकथेबाहेरच्या, पण मुद्दा तोच. तिथे माणसासमोर नियती असते, आणि तिच्याशी सौदा करता येत नाही.

अलीकडच्या भयकथांत राक्षसाला दुःखी बालपण दिले की काम झाले, असा एक समज दिसतो. ही संदिग्धता नव्हे, वकिली आहे. वाचकाला निकाल आयता मिळतो, फक्त उलट बाजूचा. मल्लाच्या वर दिलेल्या दोन्ही रूपांत बालपण कुठेच येत नाही. येते ती मागणी, आणि ती मागताना त्याची मान अजून धडावर असते.