माउस हातात, बाण बेपत्ता

कर्सर दिसेनासा झाला की माणूस माउस गदागदा हलवतो. हे कुणी शिकवलेलं नसतं. दोन मॉनिटर मांडलेल्या कुठल्याही टेबलापाशी थोडा वेळ उभे राहा, मनगटाचा तो झटका दिसेलच. आणि बहुतेक वेळा तो लागूही पडतो. तो का लागू पडतो हे समजून घेताना बाण मुळात का हरवतो, तेही कळतं.

आधी मैदान किती वाढलंय ते पाहू. १९७३ साली कॅलिफोर्नियात, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात 'आल्टो' नावाचा संगणक तयार झाला. आजच्या माउस-आणि-खिडक्यावाल्या संगणकांचा तो पूर्वज. त्याचा पडदा ६०६ गुणिले ८०८ पिक्सेलचा होता आणि कर्सर १६ गुणिले १६ पिक्सेलच्या चौकटीत बसायचा. म्हणजे पडद्याचा साधारण १,९०० वा भाग. आज दोन साधे फुल एचडी मॉनिटर शेजारी शेजारी ठेवले तर ३८४० गुणिले १०८०, म्हणजे ४१ लाखांहून जास्त पिक्सेल होतात. विंडोजचा नेहमीच्या आकाराचा बाण मात्र अजूनही जेमतेम १२ पिक्सेल रुंद आणि १९ पिक्सेल उंच. हिशेब केला तर तो सगळ्या पडद्याचा सुमारे १८,००० वा भाग भरतो. २४ इंची मॉनिटरवर मोजलंत तर त्याची उंची पाच मिलिमीटरच्या थोडी वर जाते.

पण नुसत्या लहानपणावर खापर फोडून चालणार नाही. ओळीच्या शेवटचा पूर्णविराम याहूनही बारीक असतो आणि तो आपल्याला दिसतो, कारण नजर त्याच्यावरच असते. खरी मेख इथे आहे. दृष्टिपटलावरच्या पीतबिंदूच्या मधोमध एक छोटा खळगा असतो, तिथे प्रकाश टिपणाऱ्या शंकूपेशी दाटीवाटीने भरलेल्या असतात. बारीक तपशील टिपायचं काम तिथेच होतं. हा भाग आपल्या दृश्याचा फक्त दोनेक अंशांचा तुकडा पाहतो. हात पुढे ताणून धरला की अंगठ्याच्या नखाएवढा. मॉनिटर ६० सेंटिमीटरवर असेल तर पडद्यावरचे दोन सेंटिमीटर. आणि २४ इंची दोन मॉनिटर सरळ रेषेत ठेवले की त्यांची रुंदी एक मीटरच्या वर जाते, म्हणजे डोळ्यासमोर ८० अंशांचा पसारा. आपल्याला तो सगळा एकदम स्पष्ट दिसल्यासारखा वाटतो, कारण डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत फिरतो आणि मेंदू ते तुकडे जोडत राहतो. उडी चालू असताना जे दिसतं ते मेंदू जवळपास गाळूनच टाकतो. त्या क्षणी बाण सरकला तर त्याची दखल घेणारं कुणी नसतं.

नजरेच्या कडेला असलेला बाण दिसतो, पण ओळखू येत नाही, हा आणखी एक घोळ. डच शास्त्रज्ञ हर्मन बौमा यांनी १९७० मध्ये दाखवून दिलं की कडेच्या नजरेत एखादं अक्षर ओळखता येण्यासाठी त्याच्या भोवती मोकळी जागा लागते, आणि ती नजरेपासूनच्या अंतराच्या सुमारे निम्मी असावी लागते. बाण नजरेपासून २० अंश दूर असेल तर त्याच्या शेजारी सुमारे १० अंश, म्हणजे आपल्या टेबलावर १० सेंटिमीटर, दुसरं काही नको. कोऱ्या वॉलपेपरवर ही चैन परवडते. एक्सेलच्या भरगच्च शीटमध्ये कुठली? तिथे बाणाचा पांढरा अधिकचिन्हाचा आकार होतो आणि तो चौकटींच्या जाळीत विरघळून जातो. वर्डमध्ये त्याची बारीक उभी रेघ होते, ती अक्षरांतच एक अक्षर होऊन बसते. टाइप करायला लागलं की बरेच प्रोग्राम कर्सर चक्क लपवतात. मजकुराच्या आड येऊ नये हा त्यामागचा हेतू.

हे झालं डोळ्याचं. पण हाताला तरी बाणाचा पत्ता का नसावा? अंधारातसुद्धा आपला हात कुठे आहे हे आपल्याला न बघता कळतं. स्नायू आणि सांधे ती खबर मेंदूला सतत देत असतात. ग्राफिक टॅब्लेटवर पेनने चित्र काढणाऱ्यांना याचा पुरेपूर फायदा मिळतो. टॅब्लेटचा वरचा डावा कोपरा म्हणजे पडद्याचा वरचा डावा कोपरा, त्यामुळे पेन जिथे तिथे बाण. माउसचं तसं नाही. त्याच्या पोटातला छोटा कॅमेरा टेबलाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो, लागोपाठच्या फोटोंमधला फरक मोजतो आणि संगणकाला एवढंच कळवतो की इतकं उजवीकडे सरकलो, इतकं खाली. 'इथून चार पावलं डावीकडे' असं सांगणारा, पण 'इथून' म्हणजे कुठून हे ठाऊक नसलेला हा वाटाड्या आहे. वर विंडोज आणि मॅक दोघेही हाताच्या वेगाप्रमाणे बाणाची चाल बदलतात. तोच माउस तेवढाच सरकवला, पण जोरात, तर बाण लांब जातो. त्यामुळे हाताच्या अंदाजाला काही अर्थच उरत नाही. बाण कुठे आहे याची नोंद ठेवण्याची सगळी जबाबदारी डोळ्यावर येते, आणि त्या बिचाऱ्याकडे नखाएवढी खिडकी.

मोठ्या पडद्यावर आपण बाण नुसता सरकवत नाही, भिरकावतो. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत पाव सेकंदात. मॉनिटर सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल तर या प्रवासात बाण फक्त १५ ठिकाणी उमटतो. दोन ठिकाणांमध्ये २५६ पिक्सेल, म्हणजे सात सेंटिमीटर कोरे. हलत्या वस्तूचा सलग पाठलाग करायची डोळ्याची ताकद सेकंदाला ३० अंशांपर्यंत चांगली असते आणि शंभराच्या आसपास साथ सोडते. इथे वेग तीनशेच्या वर गेलेला. पाठलाग सुटणारच. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात पॅट्रिक बाउडिश आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये यावर एक छान तोडगा सुचवला होता: बाण वेगात असेल तेव्हा मधल्या रिकाम्या जागांतही त्याच्या प्रतिमा भरायच्या, म्हणजे डोळ्याला सलग रांग मिळेल. माझ्या मते ही सोय सगळ्याच संगणकांत असायला हवी होती. विंडोजमधली 'पॉइंटर ट्रेल्स'ची शेपटी दिसायला तशीच, पण ती बाणाच्या मागे रेंगाळते आणि बाण थांबल्यावर आवरती होते. १९९० च्या दशकातल्या लॅपटॉपचे पडदे इतके मंद होते की हलता बाण त्यांवर उमटायच्या आत पुढे गेलेला असायचा. ती शेपटी त्या दिवसांत उपयोगी पडली.

आता त्या गदागदा हलवण्याकडे वळू. दृष्टिपटलाची कड तपशिलात कच्ची असली तरी हालचालीला तिखट असते. आकार कळला नाही तरी काहीतरी हललं हे तिला लगेच समजतं, आणि स्थिर असलेली वस्तू अचानक हलू लागली की लक्ष आपोआप तिकडे ओढलं जातं. याला जोड मिळते ती दुसऱ्या गोष्टीची: पडद्यावर माझ्या मनगटाच्या तालावर हलणारी वस्तू एकच असते. जपानमधल्या संशोधकांनी पडद्यावर बरेच खोटे कर्सर सोडून पाहिले. खरा कोणता हे माउस धरणाऱ्याला हाताच्या हालचालीवरून उमगतं, मागून डोकावणाऱ्याला मात्र समजत नाही. पासवर्ड चोरून पाहणाऱ्यांना चकवायला ही युक्ती वापरता येईल, अशी त्यांची कल्पना होती.

ॲपलने २०१५ मध्ये मॅकमध्ये या सवयीलाच सोयीचं रूप दिलं. माउस झपझप हलवला की बाण क्षणभर मोठा होतो. विंडोजमध्ये माउसच्या सेटिंगमध्ये एक पर्याय चालू केला की कंट्रोलचं बटण दाबल्यावर बाणाभोवती वर्तुळं आकसत येतात. मोठी, हलणारी, अचानक उगवणारी, म्हणजे कडेच्या नजरेला हवं ते सगळं त्यात आहे. मायक्रोसॉफ्टच्या 'पॉवरटॉइज' या फुकट मिळणाऱ्या संचात डावं कंट्रोल दोनदा दाबलं की सगळा पडदा अंधारतो आणि बाणापाशी तेवढा झोत पडतो. यापेक्षाही सोपा उपाय म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन बाण मोठा आणि भडक रंगाचा करणं. लोक दिसायला बरं नाही म्हणून हे टाळतात, आणि मग दिवसभर तो शोधत बसतात. युनिक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्यांकडे 'एक्स-आइज' नावाचं जुनं खेळणं आहे. खिडकीत दोन बटबटीत डोळे, आणि ते सतत कर्सरकडे बघत असतात. गंमत म्हणून केलेलं, पण ते डोळे बघतात तिकडे आपण बघायचं, काम होतं. आयबीएमच्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये उलटाच विचार केला: माणसाची नजर जिथे जाईल तिथे आसपास कर्सरलाच आणून सोडायचं आणि शेवटचं बारीक नेमकेपण तेवढं हाताने साधायचं.

एका पडद्यावर आणखी एक हुकमी युक्ती चालायची, बाण कोपऱ्यात ढकलायची. कड भिंतीसारखी अडवते, बाण तिच्या पलीकडे जाऊच शकत नाही, म्हणून कडेला असलेलं बटण गाठायला नेम लागत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये अंतर, लक्ष्याचा आकार आणि लागणारा वेळ यांचं नातं मांडलं, त्यातूनच हे निघतं. शेजारी दुसरा मॉनिटर आला की मधली भिंत पडते. डाव्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली खिडकी बंद करायच्या फुलीवर बाण न्यायला जावं, तर तो सरळ शेजारच्या घरात. बाहेरचे कोपरे मात्र शाबूत असतात. वरच्या डाव्या कोपऱ्याकडे जोराने दोन-तीन वेळा ढकललं की बाण तिथे सापडतोच, फक्त पडदे कमी-जास्त उंचीचे असले तर मधल्या पायरीला अडकू शकतो.

एवढं करूनही बाण मिळाला नाही, तर एक शंका जरूर घ्यावी. लॅपटॉपला प्रोजेक्टर किंवा टीव्ही जोडलेला आहे, तो बंद आहे किंवा त्यावर दुसरंच इनपुट लागलंय, पण संगणकाच्या लेखी तो पडदा जागच्या जागी आहे, आणि बाण तिथे गेलाय. सभागृहात भाषणाआधी लॅपटॉपशी झटापट होते तेव्हा बऱ्याचदा हेच झालेलं असतं. विंडोजचं बटण दाबून धरून 'पी' दाबा आणि 'पीसी स्क्रीन ओन्ली' निवडा. त्यासाठी खालीवर जाणाऱ्या बाणांची बटणं आणि एंटर पुरतात, माउस लागत नाही.